वाकळेचे टाके

नवरात्र चार दिवसांवर आलं की घरोघरी गोधड्या बाहेर निघतात. घट बसायच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघालंच पाहिजे, हा आपल्याकडचा नेम. पूर्वी हे धुणं घाटावर, विहिरीवर चाले. आता गच्चीवर चालतं, एवढाच काय तो फरक. कोरडी असताना एका हातानं उचलणारी गोधडी भिजली की पिळायला दोघी लागतात. आणि पिळता पिळता आपल्यापैकी प्रत्येकीच्या मनात एकदा तरी येऊन जातंच, की द्यावी ही एकदाची बोहारणीला आणि आणावं छानसं मऊ ब्लँकेट!

मी दिलं होतं, बरं का. गोधडी नव्हे, पण जिच्या चार गोधड्या झाल्या असत्या अशी कापडांची चवड. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. सासूबाईंच्या ट्रंकेत जुन्या सुती साड्या आणि लुगडी घड्या घालून ठेवलेली होती. मला वाटलं, उगाच जागा अडवून बसली आहेत. दारावर बोहारीण आली, मी ती सगळी चवड तिच्यापुढं टाकली आणि घासाघीस करून एक स्टीलचं पातेलं घेतलं. घासाघीस मला चांगली जमते, असा तेव्हा माझा समज होता. संध्याकाळी सासूबाईंनी पातेलं हातात घेऊन फिरवून पाहिलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हलकं आहे गं."

ते पातेलं अजून आहे. दूध लागतं त्यात, दरवेळी.

माझं माहेर संगमनेरचं. तिकडे आम्ही गोधडी म्हणतो. सासर मिरजेचं, इकडे वाकळ म्हणतात. सुरुवातीला मला तो शब्द जरा ओबडधोबड वाटायचा. वस्तू एकच. रजईत किंवा दुलईत कापूस भरलेला असतो, गोधडीत कापूस नसतो. कापडावर कापड, त्यावर कापड, आणि सगळ्यांना धरून ठेवणारा धावदोरा. बस्स. शाळेत शिवणाच्या तासाला पहिल्या दिवशी जो टाका शिकवतात तोच. म्हणून तर आपल्याला वाटतं, की त्यात काय मोठंसं!

हेच मला या लेखात सांगायचं आहे, की त्यात काय मोठं असतं. पण त्यासाठी मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती काही माझ्या कौतुकाची नाही.

माझी आई २०१८ साली गेली. आम्ही तिघी बहिणी. आईच्या रेशमी साड्या कुणी घ्यायच्या यावर थोडं कमीजास्त झालं, ते सगळीकडेच होतं. माझ्या वाट्याला एक पैठणी आली आणि तिच्या रोजच्या नेसणीतल्या दोन सुती साड्या मी मुद्दाम मागून घेतल्या. एक निळी, एक तपकिरी बारीक चौकड्यांची. त्या कपाटात नुसत्या ठेवून काय करायच्या? माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. म्हटलं, आजीची गोधडी होईल त्याला.

आमच्या भागात एक मावशी वाकळा शिवून देतात. कृष्णाघाटाच्या बाजूला, नदीपासून जवळच त्यांचं घर. २०१९ च्या जुलैत मी साड्या घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी ५०० रुपये सांगितले. मी म्हटलं, "मावशी, कापड माझं, दोरा माझा, तुमचं काय जातंय? ३५० घ्या." थोडा वेळ त्या साडी हातानं चाचपत राहिल्या, मग "बरं" म्हणाल्या. मी १०० रुपये उचल दिली आणि घरी येऊन यजमानांना सांगितलं, की आज दीडशे रुपये वाचवले.

त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात कृष्णेला महापूर आला. २०१९ चा तो पूर आमच्या जिल्ह्यातलं कुणी विसरणार नाही. सांगलीला आयर्विन पुलापाशी पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. माझ्या नणंदबाई सांगलीच्या गावभागात राहतात. त्यांच्या तळमजल्यात पाणी शिरलं, आणि त्या मुलांना घेऊन आमच्याकडे आल्या. आम्ही मिरजेत स्टेशनच्या बाजूला उंचावर, त्यामुळे वाचलो. मी ज्या शाळेत शिकवते तिथंच पूरग्रस्तांची छावणी उघडली. वर्ग बंद, आम्हा शिक्षिकांना पाळ्या लावून दिल्या.

दुसऱ्या दिवशी मला छावणीत वाकळवाल्या मावशी दिसल्या. पाचवीच्या वर्गात, फळ्याखाली, सुनेला आणि दोन नातवंडांना घेऊन बसल्या होत्या. मैत्रिणींनो, मी त्यांना पहिला प्रश्न काय विचारला असेल? "मावशी, माझ्या साड्या?"

त्या म्हणाल्या, "माळ्यावर ठेवल्यात, बाई. गिऱ्हाइकाचं समदं कापड माळ्यावर टाकूनच निघाले. पानी तितवर न्हाई यायचं."

त्यांचं स्वतःचं काय माळ्यावर टाकलं, हे मी विचारलं नाही. रात्री घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही.

पाणी माळ्यापर्यंत आलंच.

छावणीत मदतीला तोटा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून गाड्या भरभरून आल्या. पण कपड्यांची पोती उघडायला बसलो तेव्हा मात्र आमच्या तोंडाला कुलूप लागलं. चांगले, धुऊन इस्त्री केलेले कपडेही होते. आणि त्याबरोबर चेन तुटलेल्या पँटी, टिकल्या लावलेला घागरा, उसवलेले ब्लाउज. एका पोत्यात तर नुसते शाळेचे टाय निघाले. चाळीस तरी असतील! सोबतच्या शिक्षिका हसायला लागल्या, आणि मग कुणालाच हसू येईना. जे आपल्याला टाकायचं होतं ते आपण यांना दिलं, असं त्या ढिगाकडं पाहून वाटत होतं. दिल्लीची 'गूंज' संस्था १९९९ पासून जुन्या कपड्यांचंच काम करते. कपडा निवडून, दुरुस्त करून, घेणाऱ्याचा मान राखून द्यायचा, यावर त्यांचा सगळा भर. उरल्यासुरल्या कापडांच्या सुजन्याही शिवतात. संस्थेचे अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा मी ते वर्तमानपत्रात वाचून शाळेत मुलींना सांगितलंही होतं. पण वाचणं वेगळं आणि टायांचं पोतं मांडीवर घेऊन बसणं वेगळं.

त्या ढिगातून सुती साड्या, धोतरं आणि चादरी मी बाजूला काढायला लागले. का, ते तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं.

पाणी ओसरल्यावर लोक घरी परतले. नवी ब्लँकेटंही वाटली गेली. पण घरं महिनाभर तरी सुकत नाहीत. फरशीतून ओल वर येते, भिंती गार. नणंदबाईंकडे साफसफाईला गेलो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ब्लँकेट वरून घ्यायला झालं, खाली काय घालायचं?" आणि ते खरंच होतं. दोनशे रुपयांचं ब्लँकेट ओल्या फरशीवर अंथरलं तर दोन धुण्यांत त्याच्या गुठळ्या होतात. सहा पदरी सुती वाकळ मात्र खाली घाला, वर घ्या, धुवा, उन्हात टाका, वर्षानुवर्षं टिकते.

असं ते ठरलं. आमच्या कॉलनीतल्या दत्तमंदिराच्या मंडपात दुपारी दोन ते पाच बसायचं आणि दिवाळीच्या आत होतील तेवढ्या वाकळा शिवायच्या. आम्ही नऊजणी जमलो. त्यातल्या सातजणींनी आयुष्यात वाकळ शिवली नव्हती, पांघरली मात्र सगळ्यांनी होती!

शिकवायला कोण? मी मावशींचं नाव सुचवलं आणि म्हटलं, त्यांना दर वाकळेमागं ५०० रुपये द्यायचे. लगेच दोघीतिघी म्हणाल्या, "आपण सगळ्या फुकट करतोय, मग त्यांनाच पैसे का? शिवाय हे पूरग्रस्तांसाठीच तर आहे. त्या स्वतः पूरग्रस्तच ना?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. सासूबाईंनी दिलं. "आपल्या घरी चूल पेटलीय म्हणून आपण फुकट बसतोय. तिचा धंदाच हा हाय. धंद्याचं फुकट घेऊ नये." प्रत्येकीनं दोन-दोनशे रुपये काढले. एकीनं काढले नाहीत, पण तिनं रोज सगळ्यांचा चहा केला, तेव्हा तोही हिशेब फिटला.

आता तुमच्यापैकी ज्यांना करून बघायची असेल त्यांच्यासाठी, आम्ही जे शिकलो ते सांगते.

साडी सुतीच हवी. नायलॉन, पॉलिस्टर घेऊ नका. ते घाम टिपत नाही, सुई घातली की आतल्या आत सरकतं, आणि विस्तवाजवळ फार घातकी. नव्या कोऱ्या कापडापेक्षा नेसून मऊ झालेलं बरं. नवं घ्यायचंच झालं तर आधी दोनदा धुऊन आटवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्याला वाकळ सुरकुतून पापडासारखी होते. साडीचा काठ जाड किंवा जरीचा असेल तर काढून टाका. विरलेला भाग फाडून काढा, तो आतही घालू नका. आत कुणाला दिसतंय, असं वाटतं. पण फाटायला सुरुवात आतूनच होते.

माप अगदी सोपं आहे. जुनी सुती साडी ५.५ मीटरची आणि पन्हा ४५ इंच. तिच्या लांबीच्या तीन घड्या घातल्या की ६ फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद, तीन पदरी अंथरूण तयार. दोन साड्या एकावर एक घातल्या की सहा पदर. एका माणसाला हे पुरतं. नऊवारी असेल तर चार घड्या घाला, उंच माणसाला होते. आमच्या आज्यांनी टेप न घेता ही मापं बसवली होती!

मग झाडून पुसून कोरड्या केलेल्या जमिनीवर खालचं कापड ताणून पसरायचं. कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. आम्ही देवळातल्या पाट्या-वरवंट्यापासून काकूंच्या पोथीच्या पेटीपर्यंत सगळं वापरलं. एकेक पदर टाकताना मधून कडेकडे हात फिरवत सुरकुती बाहेर काढायची. सगळे पदर बसले की वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घालून टाचून घ्यायचं. हे टाचणं कंटाळवाणं आहे, आणि वगळलं तर पुढं सगळं बिघडतं. माझी पहिली वाकळ तशीच बिघडली. एका बाजूला चार बोटं लांब झाली.

दोरा जाड, सुती, हातभरच घ्यायचा. लांब घेतला की गुंता झालाच. तो मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला तर सरसर चालतो. मावशी कडेपासून सुरू करतात आणि चौकोनात फिरत फिरत मध्यावर येतात. कडा आधी बांधल्या की आतलं कापड पळत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण मग सुरकुती मध्ये गोळा होते, म्हणून डावा हात सुईच्या पुढं सारखा फिरता ठेवायचा. सासूबाई सरळ ओळी घालतात. दोघींचं यावरून रोज चाले. मला दोन्ही आवडल्या. कारवारकडच्या यल्लापूर, हल्याळ भागातल्या सिद्दी बायकाही आपल्या 'कवंदी' कडेपासूनच आत शिवत जातात आणि चारी कोपऱ्यांवर कापडाची 'फुलं' लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. मी हे सांगितल्यावर मावशींनी लगेच एका वाकळेच्या कोपऱ्यांवर लाल त्रिकोण बसवून टाकले. "त्यांनी केलं तर आपुन काय घोडं मारलंय?"

सुया मोजून द्या आणि मोजून घ्या. हे फार महत्त्वाचं. नऊजणींत सुया घ्यायच्या म्हणजे एखादी वाकळेत राहिली तर लहान मुलाच्या अंगात जायची. एकदा संध्याकाळी बारातल्या अकराच सुया भरल्या. तिन्हीसांजेपर्यंत चार वाकळा उलट्यासुलट्या करून चाचपल्या. शेवटी सुई पोथीवाल्या काकूंच्या पदराला टोचलेली सापडली. तोवर त्याच सगळ्यांना रागावत होत्या.

घरात बाळ यायचं असेल तर आईच्या किंवा आजीच्या सगळ्यात मऊ साडीची दुपटी शिवतात, ती जरूर शिवा. दोन-तीन पदर पुरे. मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना जाड गोधडी अंगावर सैल टाकू नका, तोंडावर येऊन श्वास कोंडायची भीती असते, असं डॉक्टर सांगतात. दुपटं गुंडाळून मांडीवर घ्यायला आहे, तेवढंच त्याचं काम.

आता त्या दिवसाविषयी सांगते, ज्या दिवशी आमच्यात भांडण झालं.

आमच्यातल्या एकीचा हात भलताच जलद. दोन दुपारींत तिची वाकळ उरकली. आम्ही कौतुक करायला जमलो. सासूबाई तिथंच बसून हातानं चाचपत होत्या. त्यांना आता डोळ्यांनी कमी दिसतं, बोटांनी जास्त. त्यांनी कात्री मागितली आणि एक शब्द न बोलता दोरा उसवायला लागल्या. टाके दोन-दोन बोटं लांब होते.

ती म्हणाली, "अहो आजी, हे काय करता? त्यांना तेवढंही खूप आहे!"

सासूबाई उसवतच होत्या. म्हणाल्या, "असल्या टाक्यात पोराच्या पायाची बोटं अडकत्यात. झोपेत पाय ओढलं की दोरा तुटतो. तुझ्या नातवाला घालशील का ही?"

ती उठून गेली. दोन दिवस आली नाही. मला वाटलं, आता हे काम मोडलं. मी सासूबाईंना घरी म्हटलंसुद्धा, "आई, इतकं कशाला ताणायचं? दानाचंच तर आहे." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पातेल्याचंबी तू असंच म्हटलं होतंस."

मी असं काही म्हटलं नव्हतं. पण आठ वर्षं त्यांनी ते पातेलं मनात ठेवलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या दिवशी ती आपणहून आली, उसवलेली वाकळ मांडीवर घेतली आणि बारीक टाके घालायला लागली. माफी कुणी मागितली नाही. त्या दिवशीचा चहा तिनं केला.

मीही त्या दिवसांत एक ओळ पहिल्यांदा मोजून घातली. मी तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे. मानधन महिनाभर उशिरा आलं की मी घर डोक्यावर घेते. तेव्हा तासाचा हिशेब मला चांगला कळतो. इंचभर अंतरावर ओळी घातल्या, तर पावणेचार फूट रुंदीत ४५ ओळी. एक ओळ ६ फुटांची. म्हणजे एका वाकळेत २७० फूट शिवण! ओळी सरळ घाला नाहीतर चौकोनात फिरत घाला, लांबी साधारण तेवढीच भरते. इंचाला तीन टाके धरले तर सगळे मिळून ९,७२० टाके. मावशींना एका ओळीला वीस मिनिटं लागायची, मला चाळीस. म्हणजे त्यांच्या सरावलेल्या हातालाही नुसत्या शिवणाचे पंधरा तास, आणि मांडणी, टाचणं, कडा दुमडणं धरून अठरा. मी ठरवलेल्या ३५० रुपयांना अठरानं भागून पाहिलं. तासाला वीस रुपयेसुद्धा पडत नव्हते.

कापड माझं, दोरा माझा, तुमचं काय जातंय, असं मी त्यांना विचारलं होतं.

माझ्या साड्यांचं काय झालं, ते राहिलंच. पाणी उतरल्यावर आठवड्यानं मावशी एक गाठोडं घेऊन घरी आल्या होत्या. माळ्यावरचं सगळं कापड चिखलात बुडालं होतं. माझी वाकळ निम्मी झालेली होती, तशीच. त्यांनी ती कितीदा धुतली होती देव जाणे. वास गेला होता, पण निळ्या साडीवर एका बाजूनं गढूळ पिवळट डाग पसरला होता. त्यांनी कमरेची पिशवी काढून शंभराची नोट माझ्यापुढं ठेवली. "उचल परत घ्या, बाई. माल बिघडला."

मी नोट घेतली नाही. एवढं तरी तेव्हा सुचलं.

पुराच्या चिखलाचा डाग कुणाला काढायचा असेल तर सांगते: ओला असताना चोळू नका. पूर्ण वाळू द्या, मऊ ब्रशनं झाडा, मग रात्रभर साध्या गार पाण्यात भिजत घाला. गरम पाण्यानं डाग धरून बसतो. आमचा डाग तरीही गेला नाही. उरलेली निम्मी वाकळ मी मंडपात बसून स्वतः पुरी केली. मावशींचे टाके कुठं संपतात आणि माझे कुठं सुरू होतात, ते आंधळ्यालाही कळेल. डागावर सासूबाईंनी त्यांच्या एका इरकली लुगड्याचा तुकडा बसवला. म्हणजे माझ्या तडाख्यातून ट्रंकेत एक लुगडं वाचलं होतं!

दिवाळीच्या आधी आमच्या चोवीस वाकळा झाल्या. पंचवीस घरं आम्ही धरली होती. एक कमी पडली, तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्या मांडीवरच्या वाकळेकडं गेल्या. मी ती दिली नाही. चार दिवस रात्री जागून दुसरी शिवली आणि ती दिली. मला यात मोठं मन दाखवता आलं असतं. पण आईच्या साड्या होत्या, नाही जमलं.

वाटायला गेलो तेव्हा फोटो काढायचे नाहीत, असं आधीच ठरलं होतं. एका घरी एका म्हाताऱ्या आजींनी वाकळ हातात घेतली, पहिल्यांदा उलटी केली, मागचे टाके पाहिले, कोपरा ओढून पाहिला आणि म्हणाल्या, "हितं दोरा सुटतोय बघा." मी ती परत आणली, कोपरा पक्का केला आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. त्यांनी पुन्हा कोपरा ओढून पाहिला आणि मगच ठेवून घेतली. मला त्यांचं ते फार आवडलं.

पुढच्या वर्षी करोनामुळं मंडपच बंद राहिला. घरी बसून ज्यानंत्यानं जमेल तसं शिवलं, म्हणून २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा आमच्याकडे नऊ वाकळा घडी घालून तयार होत्या. आता दरवर्षी गणपती उठले की बसतो. कधी पाच होतात, कधी पंधरा. दर साली एखादी नवी येते, आणि नवी आली की पहिल्या दिवशी विचारतेच, मशीनवर का नाही शिवायची? मशीनवर शिवता येते, लवकर होते, पण घरच्या मशीनला सहा पदर पेलत नाहीत, सुई मोडते आणि वाकळ पत्र्यासारखी ताठ बसते. हातच्या टाक्यात कापडाला हलायला जागा राहते, म्हणून ती अंगाला लागते.

मावशी अजून शिवतात. त्यांची सूनही शिकली आहे. यंदा त्यांनी दर १,२०० केला आहे, दोऱ्यासकट. परवा आमच्या शेजारच्या वहिनी आल्या. लेकीच्या बाळंतपणाआधी दोन वाकळा करून घ्यायच्या होत्या. म्हणाल्या, "एवढ्याशा कामाचे बाराशे? तुमचं ऐकते ती. जरा कमी करायला सांगा ना."

मी आत जाऊन मुलाच्या पलंगावरची वाकळ काढून आणली, त्यांच्या मांडीवर टाकली आणि म्हटलं, "वहिनी, एक ओळ मोजून बघा बरं. मी चहा टाकते."

चहा घेऊन आले, तर वहिनी चष्मा लावून अजून मोजतच होत्या.